उन्हाला पारखे झालेले घर

डिसेंबर २०२४ मध्ये माझ्या मुलीच्या शाळेत क्रीडादिन झाला. बालवर्गाच्या धावण्याच्या शर्यतीत अकरा मुले होती आणि आमच्या चिऊने त्यांत दहावा क्रमांक मिळवला. येताना मी अर्धा किलो पेढे घेऊन आलो आणि आमच्या जिन्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांत वाटले. "पहिली आली वाटतं?" असे प्रत्येकाने विचारले. "नाही, शेवटून दुसरी," असे मी सांगितल्यावर पेढा तोंडात टाकता टाकता लोकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मराठीच्या प्राध्यापकाला नवी नसते.

त्या पेढ्यांची हकीकत सांगायची आहे. मी वैद्यकातला माणूस नव्हे. पुण्याच्या एका महाविद्यालयात गेली वीस वर्षे मी मराठी शिकवतो; संतकवींपासून नवकवींपर्यंत सर्वांनी उन्हाची वर्णने कशी केली ते मुलांना ट्यूबलाइटच्या उजेडात समजावून देतो. तेव्हा औषधपाण्याचा सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही. पण पोळलेल्या माणसाने विस्तव कुठे आहे एवढे तरी सांगावे.

चिऊचा जन्म ऑक्टोबर २०१९ मधला, दिवाळीच्या आदल्या आठवड्यातला. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेले मूल. तिला खाली ठेवू की डोक्यावर ठेवू असे आम्हांला होऊन गेले होते. इस्पितळातून निघताना डॉक्टरीणबाईंनी कागदावर एकच औषध लिहून दिले: ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज एकदा, वर्षभर. पहिली बाटली आणली, ती संपली. दुसरी आणली, ती संपत आली. आणि मार्च २०२० उजाडला.

पंचवीस मार्चपासून सारा देश घरात बसला. आम्ही तर दारेखिडक्या लावून बसलो. आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. बाल्कनी होती, ती आम्हीच हौसेने काचा लावून खोलीत घेतलेली, आणि तिच्यासमोर पंधरा हातांवर दुसऱ्या इमारतीची भिंत. सौ. बँकेत नोकरीला, ती आतल्या खोलीत संगणकापुढे, मी बाहेरच्या खोलीत संगणकापुढे, आणि मधे पाळणा. थेंबांची बाटली संपल्याचे ध्यानात आले तेव्हा औषधांच्या दुकानासमोर उभे राहायलाही भीती वाटत होती. आम्ही एकमेकांची समजूत घातली, की मूल अंगावर पिते आहे, बाळसे छान आहे, मग जीवनसत्त्वे हवीत कशाला? दोष औषधाचा नाही, डॉक्टरीणबाईंचा तर मुळीच नाही. तो आम्हां दोघांचा, आणि दोघेही पदव्युत्तर.

फेब्रुवारी २०२१ मध्ये माझी आई कोकणातून आली. नातीला ती वर्षाने पाहत होती. चिऊ तेव्हा सोळा महिन्यांची. धरून उभी राहायची, पण पाऊल टाकायची नाही. उभी केली की रडायची. झोपेत डोक्याला इतका घाम यायचा की उशी भिजे. आम्ही म्हणत होतो, "काही मुलं उशिरा चालतात." आईने तिला मांडीवर घेतले, मनगटांवरून बोटे फिरवली, टाळू चाचपली, पाय सरळ करून पाहिले आणि म्हणाली,

"अरे, पोरीला मुडदूस झालाय."

मी हसलो. खरोखर हसलो. मुडदूस हा माझ्या लेखी शब्दकोशातला शब्द होता. जुन्या बायकांच्या तोंडचा, दृष्ट काढणे आणि अंगारा लावणे यांच्या जोडीने येणारा. कोकणात मुडदुशी नावाचा एक नाजूक मासा मिळतो, आजाऱ्याला आणि लहान मुलांना मुद्दाम देतात, एवढाच त्या शब्दाशी माझा परिचय. सौ. मात्र हसली नाही. तिने विचारले, "आई, तुम्हांला कशावरून वाटलं?"

"मनगटं बघ ना कशी गाठीसारखी जाड झालीत. दात किती आलेत? दोन. आणि पाय बघ, धनुकली नुसती. आमच्या वाडीत एका घरी पोर अस्सं होतं. अंधारं घर होतं त्यांचं."

शेवटचे वाक्य तेव्हा माझ्या कानांवरून गेले. आज ते आठवले की वाटते, निदान तिथेच झाले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनीही प्रथम मनगटेच पाहिली. मग छातीवर, फासळ्या जिथे पुढच्या बाजूने जुळतात तिथे, माझा हात धरून ठेवला. बोटांखाली एकेक मणी लागावा तशी ओळ लागली. रुद्राक्षांची माळ कातडीखाली घातल्यासारखी. मनगटाचा एक्स-रे झाला. हाडाचे टोक जिथे रेखीव असायचे तिथे ते पेल्यासारखे खोलगट झाले होते आणि कडा झालर उसवल्यासारख्या दिसत होत्या. "सर, तुमच्या आईंचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "रिकेट्स. मराठीत मुडदूसच म्हणतात ना?"

मराठीत काय म्हणतात हे त्या दिवशी एका डॉक्टरने मराठीच्या प्राध्यापकाला विचारले आणि त्याला मान हलवण्यापलीकडे काही सुचले नाही.

त्यांनी मग जे समजावले ते असे. मुलाचे हाड वाढते ते टोकांशी. तिथे आधी मऊ कूर्चा तयार होते आणि मग तिच्यात कॅल्शियम व फॉस्फरस बसून ती टणक होते. स्लॅब घालताना फळ्या ठोकल्या, सळया बांधल्या, पण सिमेंटची गाडीच आली नाही, तर जे होईल ते या मुलांच्या हाडांचे होते. कूर्चा वाढत जाते, साचत जाते, म्हणून मनगट जाड होते. आणि मऊ हाडावर अंगाचा भार पडला की पाय वाकतात. सिमेंट रक्तात आणण्याचे काम ड जीवनसत्त्वाचे. ते नसेल तर मुलाने कितीही दूध प्यायले तरी त्यातल्या कॅल्शियमचा फार थोडा भाग आतड्यातून रक्तात उतरतो. आणि हे जीवनसत्त्व माणसाला अन्नातून जेमतेमच मिळते. मुख्यतः ते कातडी तयार करते, उन्हातल्या विशिष्ट किरणांच्या मदतीने. आईच्या दुधात ते अगदी थोडे असते. मूल जन्मताना आईकडून थोडीशी शिदोरी घेऊन येते, ती काही आठवड्यांत संपते. सौ.चे रक्त तपासले तेव्हा कळले की गंगाजळीतच खडखडाट होता. मुलीला शिदोरी मिळणार कुठून?

"आणखी उशीर झाला असता तर?" मी विचारले. त्यांनी सांगितले ते थोडे होते, पण त्यानंतर मला बरेच दिवस झोप लागली नाही. काही तान्ही मुले तर वाकलेल्या पायांनी नव्हे, आकडी येऊनच इस्पितळात येतात, कारण रक्तातले कॅल्शियम एकाएकी उतरते. आणि मुलींच्या बाबतीत कमरेचे हाड वाकले तर पुढे बाळंतपणात जिवावर बेतते. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात अशा किती बायका दगावल्या त्याची मोजदाद नाही.

शिकवण्याच्या धंद्यातला माणूस संकटात ग्रंथालयाकडे धावतो. माझे महाविद्यालय बंद होते, पण पुष्कळ जुने कागद हल्ली घरबसल्या वाचता येतात. रात्री चिऊ झोपली की मी वाचत बसे.

या रोगाचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला फ्रॅन्सिस ग्लिसन या इंग्रज वैद्याने, १६५० साली. म्हणजे शिवाजीराजे ऐन विशीत होते तेव्हा इंग्लंडात या वाकड्या पायांच्या मुलांवर लॅटिनमध्ये पुस्तक निघाले होते. पुढे गिरण्या आल्या, दगडी कोळशाचा धूर आला, गल्ल्यांत सूर्य दिसेनासा झाला आणि लंडन-ग्लासगोसारख्या शहरांत घरोघरी हा रोग दिसू लागला. लोक कॉड माशाच्या यकृताचे तेल पाजत, ते लागू पडे, पण का लागू पडते ते कोणाला ठाऊक नव्हते. थिओबाल्ड पाम नावाचा एक डॉक्टर जपानात राहून आला होता. तिथे त्याला असली मुले दिसली नव्हती. त्याने निरनिराळ्या देशांतल्या डॉक्टरांकडून माहिती मागवली आणि १८९० मध्ये लिहिले, की जिथे ऊन भरपूर तिथे हा रोग नाही. तेव्हा मुलांना उन्हात न्या. कोणी फारसे मनावर घेतले नाही. फुकट मिळणाऱ्या औषधाची किंमत जगात कुठेच नसते.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मेलनबी या शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या पिलांना ओटच्या पिठावर ठेवून त्यांना मुडदूस आणला आणि कॉडच्या तेलाने तो बरा केला. सगळे श्रेय तेलाला गेले. गंमत अशी, की ती पिले त्याने घरातच कोंडलेली होती. उन्हात सोडली असती तर प्रयोगच फसता. त्याच सुमारास, १९१९ मध्ये, बर्लिनच्या हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरने आजारी मुलांना पाऱ्याच्या दिव्याच्या किरणांत ठेवले आणि ती बरी झाली. त्याने पुढे एक सुरेख गोष्ट केली. मुलाच्या एकाच हातावर किरण सोडले. थोड्या आठवड्यांनी एक्स-रे काढले तर हाडे दोन्ही हातांची भरत होती! म्हणजे किरण हाडाला थेट काही करत नव्हते. कातडीत काहीतरी तयार होऊन ते रक्तातून सगळीकडे जात होते. हे वाचताना मी रात्री एक वाजता सौ.ला उठवून सांगितले. तिची प्रतिक्रिया छापण्याजोगी नाही.

१९२२ मध्ये अमेरिकेत मॅककॉलमने दाखवून दिले की तेलातला हा गुण 'अ' जीवनसत्त्वाहून वेगळा आहे. अ, ब, क ही नावे संपली होती, म्हणून याचे नाव ड.

पण मला खरा धक्का बसला तो त्याच वर्षीच्या एका निबंधाने. हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी तो लिहिला होता आणि त्यातली पाहणी होती आपल्या नाशिकची. त्यांना आढळले, की ज्या घरांत खाण्यापिण्याची ददात नाही, पण पडदा कडक आहे, बायका आणि तान्ही मुले आतल्या खोल्यांतून बाहेर पडत नाहीत, त्या सुखवस्तू घरांत मुडदूस होता; आणि ज्यांना धड पोटभर मिळत नव्हते, पण ज्यांची मुले दिवसभर आईबरोबर शेतावर आणि कामावर असत, त्यांच्याकडे तो नव्हता. शंभर वर्षांपूर्वी, गोदावरीच्या काठी, हे कोणीतरी लिहून ठेवले होते.

मी लॅपटॉप मिटला आणि आमच्या वॉचमनचा मुलगा डोळ्यांपुढे आला. नांदेडकडचे कुटुंब, इमारतीच्या मागे पत्र्याच्या खोलीत राहते. मुलगा चिऊहून दोन महिन्यांनी धाकटा. त्या साऱ्या टाळेबंदीत तो एका आखूड झबल्यावर वाळूच्या ढिगाऱ्यावर लोळत असे. आम्ही वरून काचेतून त्याला पाहायचो आणि "बिचारा" म्हणायचो. तो बिचारा तेराव्या महिन्यात पळू लागला होता. गरिबीचे पोवाडे मला गायचे नाहीत. अंधाऱ्या खोल्यांतल्या, दूध न मिळणाऱ्या मुलांनाही हा रोग होतोच, आणि आपल्या देशात नुसत्या कॅल्शियमच्या तुटवड्यानेही होतो. पण आमच्या घरात दूध होते, बदाम होते, तूप होते. नव्हते ते फक्त ऊन. पडदा पाळणारी माणसे म्हणून आम्ही ज्यांना मागासलेले म्हणत आलो, त्यांच्याहून आमचा ॲल्युमिनियमच्या चौकटीतला पडदा काय वेगळा होता?

कारण काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण ड जीवनसत्त्व घडवणारे किरण येत नाहीत. हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. आम्ही चिऊला बंद बाल्कनीत बसवून "ऊन खातेय" असे समजत होतो.

दुसरे अज्ञान कोवळ्या उन्हाचे. कोवळे ऊन मुलांना चांगले, हे आपल्याकडे घरोघर ऐकू येते. पण हे किरण वातावरणातून तिरपे आले की वाटेतच गळतात. डॉक्टरीणबाईंनी एक साधी खूण सांगितली: आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर त्या उन्हात हे काम फारसे होत नाही, सावली आखूड झाली की होते. म्हणजे साधारण दहा-अकरानंतरचे ऊन. पुण्यात २२ डिसेंबरलासुद्धा भर दुपारी माणसाची सावली माणसाहून आखूडच असते. लंडनला हिवाळ्यात महिनोन् महिने हे भाग्य नाही. १९६२ मध्ये ग्लासगोत पाकिस्तानातून गेलेल्या कुटुंबांच्या मुलांत मुडदूस सापडला, आणि पुढे भारतीय मुलांतही. सावळ्या कातडीला तेवढ्याच जीवनसत्त्वासाठी जास्त ऊन लागते आणि तिथे ते नाही. पण आपण तर उन्हाच्या राशीवर बसलेलो!

मग आपल्या आज्या चुकत होत्या काय? मी आईला विचारले. ती म्हणाली, "सकाळी सातला कोण आंघोळ घालतं पोराला? चूल, गुरं, पाणी, सगळं आवरून दहा वाजायचे. मग अंगणात पायांवर घ्यायचं, उघडं करून, तेल लावायचं. चांगला तासभर." म्हणजे बोलायचे कोवळे ऊन, आणि प्रत्यक्षात दहाचे, सगळे अंग उघडे आणि वेळ तासभर. आम्ही काय केले? घेतले कोवळे, पण टोपडे, झबले, मोजे घालून, दहा मिनिटे, काचेआडून. परंपरेतला शब्द आम्ही उचलला आणि कृती सोडून दिली. तान्ह्या मुलाला भर दुपारी उन्हात ठेवावे असे मात्र कोणी समजू नये; त्याची कातडी भाजते. तेवढ्यासाठीच पहिले वर्षभर ते थेंब असतात.

शहरांत ऊनही पूर्वीचे राहिलेले नाही. २००२ मध्ये दिल्लीतल्या तान्ह्या मुलांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. मोरी गेट या धुराने कोंदलेल्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तात ड जीवनसत्त्व सरासरी बारा होते, तर त्या काळी मोकळ्या हवेच्या गुडगावातल्या मुलांत सत्तावीस. ग्लासगोचा तो कोळशाचा धूर असा फिरून आपल्या दारी आला आहे. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात मुलांच्या पोषणाची मोठी पाहणी केली. तीत या जीवनसत्त्वाची कमतरता एक ते चार वर्षांच्या मुलांत १४ टक्के, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत १८ टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांच्यांत २४ टक्के आढळली. मूल मोठे होत जाते तसे ते उन्हातून आत सरकत जाते, असाच मी त्याचा अर्थ लावला. शाळा, शिकवणी, मोबाइल. सगळ्यांना छप्पर आहे.

अन्नाविषयी थोडक्यात सांगतो, कारण शाकाहारी घराला इथे फारसा आधार नाही. अंड्याचा बलक, तारली-बांगड्यासारखे तेलकट मासे यांत ड जीवनसत्त्व असते. हल्ली काही पिशव्यांतल्या दुधात ते मिसळलेले असते, पिशवीवर तशी खूण असते. नाचणीत कॅल्शियम चांगले, पण ड जीवनसत्त्व नाही. तेव्हा नुसत्या नाचणीच्या सत्त्वावर निश्चिंत राहू नये. आम्ही राहिलो होतो.

उपचार ऐकून मला जवळजवळ अपमान झाल्यासारखे वाटले. एवढ्या काळजीनंतर काही मोठे, भारी औषध असेल असे वाटले होते. तेच थेंब! मात्र जास्त प्रमाणात, तीन महिने, रोज, जोडीला कॅल्शियम. निरोगी तान्ह्या मुलाला रोज चारशे युनिट लागतात. म्हणजे एका ग्रॅमचा एक लाखावा भाग. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही मुलीचे पाय वाकू दिले होते.

थोड्याने काम होते म्हणून जास्तीने अधिक होईल, असे मात्र नाही. आमची हकीकत ऐकून शेजारच्या एका गृहस्थांनी साठ हजार युनिटांची पाकिटे आणून नातवाला चालू केली, कोणाला न विचारता. सुदैवाने त्यांच्या सुनेने वेळीच पाहिले. हे जीवनसत्त्व अंगात साचते; फार झाले तर रक्तात कॅल्शियम वाढून ओकाऱ्या होतात, मूल मलूल होते, मूत्रपिंडावर परिणाम होतो. प्रत्येक वाकडा पाय मुडदुसाचा नसतो, हेही डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. दोन वर्षांपर्यंत पुष्कळ मुलांचे पाय थोडे धनुष्याकृती असतातच, तीन-चार वर्षांची झाली की गुडघे थोडे जवळ येतात, आणि सगळे आपोआप सरळ होते. पाहायचे ते मनगट, दात, टाळू, चालण्याचा उशीर. आणि शंका आली तर एक्स-रे आणि रक्ताची तपासणी. माझ्यासारख्याने घरी बसून ठरवू नये.

सहा आठवड्यांनी दुसरा एक्स-रे काढला. हाडाच्या उसवलेल्या कडेपाशी एक बारीक पांढरी रेघ दिसत होती. "भरायला लागलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी आयुष्यात पुष्कळ ओळींचे रसग्रहण केले आहे, पण त्या रेघेइतकी एकही ओळ मी पुन्हा पुन्हा पाहिलेली नाही. चिऊ एकोणीस महिन्यांची झाली तेव्हा चार पावले चालली, बसली, आणि टाळ्या पिटून पुन्हा उठली. पायांचा बाक जायला मात्र दोन वर्षे लागली. बाल्कनीच्या काचा आम्ही काढून टाकल्या. त्यापायी सोसायटीच्या बैठकीत इमारतीची शोभा गेल्याबद्दल मला दोन शब्द ऐकावे लागले. रविवारी अकरा वाजता चिऊ आणि वॉचमनचा मुलगा गच्चीवर आपापल्या सावलीवर उड्या मारतात. सावली आखूड झाली का, हे मोजायचे काम तिच्याकडे असते.

क्रीडादिनाच्या संध्याकाळी मी आईला गावी फोन लावला.

"शेवटून दुसरी?" आई म्हणाली. "बरं झालं. मग शेवटचं कोण होतं रे?"

"अगं आई, ते मी पाहिलंच नाही," मी म्हणालो. "मी हिचे पाय बघत होतो."